सेठच्या वर पाच जण

१८ सप्टेंबर, गुरुवार

बाबाचं परत तेच. फोन उचलला की पहिलं वाक्य, ‘काय, खेळूनच राहिला का अजून?’ मी कितीदा सांगतलं की मी गेम खेळत नाही, गेमच्या मशिनी सांभाळतो, त्याचा पगार भेटते. तर म्हणे, ‘इकडं वावरात झेंडू फुलून राहिला, तोडाले माणूस नाही, आन् आमचा पोट्टा अकोल्यात खेळण्याच्या दुकानात.’ सुरतले होतो तवा म्हणत, लय दूर गेला. पुण्याले होतो तवा म्हणत, तिथं काय पुरलं हाय तुयं. आता अकोल्याले आलो, परतवाड्याहून यष्टीनं अर्धा दिवसही लागत नाही, तर म्हणते, इतक्या जवळ असून येत नाही. म्हणजे मी कुठीही असलो तरी चुकीच्याच जागी असतो.

नववीत मी शाळा सोडली की शाळेनं मले सोडलं, हा वाद जुना आहे. तो या वहीत नको.

नवीन वाद गोवर्धन सेठचा. सेठ म्हणजे माह्या मालक. कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या माळ्यावर त्यायचा गेम झोन आहे. लहान पोट्ट्यायच्या गाड्या, बास्केटबॉल, आन् बाहुल्या उचलाचा पंजा. पंजा कधीच काही उचलत नाही, तसा तो मीच सेट करून ठेवतो. आज टेम्पोतून एक जुनी मशीन आली, अमरावतीहून. लाकडाची, माणसाएवढी उंच, समोर टीव्हीसारखी काच, एक दांडा, तीन बटनं. सेठचे सासरे नत्थुजी, त्यायचं अमरावतीले व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. पार्लर बंद पडून पंचवीस वर्षं झाली, पण ही एक मशीन घरात चादरीखाली उभी होती. नत्थुजी मागच्या साली वारले, घर विकलं, मशीन इकडं आली.

सेठनं सगळ्या स्टाफले, म्हणजे मले आन् तिकीटवाल्या करिश्माले, समोर उभं केलं आन् गोष्ट सांगतली. कॉलेजात असताना ते या मशीनचे चॅम्पियन होते. एक नंबर. अमरावतीत कोणाची टाप नव्हती. नत्थुजी इतके खूश झाले की पोरगी देऊन टाकली. ‘रामानं धनुष्य तोडलं, मी हिचं रेकॉर्ड तोडलं,’ म्हणे. पोरगी, म्हणजे ललिताबाई, म्हणजे आता आमच्या सेठानी, तवा टेम्पोवाल्याले ‘हळू उतरव बाप्पा, डाव्या अंगानं धर’ म्हणून राहिल्या होत्या. गोष्ट त्यायनं ऐकली असन, पण तोंडावर काही दिसलं नाही.

दसऱ्याले मशीनचं उद्घाटन. बॅनर छापाले गेलाही: ‘विदर्भाचा पहिला व्हिडिओ गेम चॅम्पियन’, खाली सेठचा फोटो, काळ्या चष्म्यातला. मशीनच्या पोटात जुने रेकॉर्ड अजून आहेत म्हणते. ते पाहुण्यायले पडद्यावर दाखवाचे, एक नंबरले सेठचं नाव. मी चालू करून देली तर पगाराच्या वरून सात हजार बक्षीस.

‘आन् नाही झाली तर?’

‘तुया बापाचा झेंडू हायच ना तोडाले.’

मी म्हटलं, होऊन जाईन सेठ. मले यातलं काही येत नाही हे मले माहीत होतं. त्यायले नव्हतं.

१९ सप्टेंबर

बटन दाबलं. पडदा हिरवा झाला, इंग्रजीत लिहून आलं की रॅममधी गडबड आहे, आन् बस्स. तीन वेळा चालू-बंद केली. मंग मागून एक हाणली. इथं माह्यी सगळी विद्या संपली.

आचलले फोन लावला. आचल माह्यी लहान बहीण. आयटीआय केलं तिनं, इलेक्ट्रॉनिकचं. आता घरीच असते, कारण पोरीच्या जातीनं मोबाइलच्या दुकानात बसू नये असं बाबाचं म्हणणं. परतवाड्याचा एक मोबाइलवाला दुकानात तिले एक टेबल भाड्यानं द्याले तयार आहे. बाबा म्हणते, माणसं पाहतीन. अरे, माणसं मोबाइल घेऊन येतीन तर पाहतीनच. पण आपण कशाले बोला. ती गावातले मिक्सर आन् चार्जर फुकटात नीट करून देते, आन् गाव म्हणते पोरगी हुशार आहे. फुकट हुशारी कोणाले नको असते.

ती वावरात झेंडू तोडून राहिली होती. फोन ओढणीत खोचलेला.

‘दादा, मागची फळी खोल आन् कॅमेरा दाखव. थांब. थांब! ते पिवळी गोळी दिसते का, अर्ध्या पेन्सिल सेलएवढी? तिले हात नको लावू.’

‘काहून?’

‘ते बॅटरी हाय. या जातीच्या बोर्डात गेमची चावी एका चिपमधी राहते, आन् त्या चिपले जागी ठेवते ते बॅटरी. लाइट गेली तर काही होत नाही. बॅटरी उतरली की चावी पुसली. मंग मशीन मेली, कोणाचा बाप जिवंत करू शकत नाही. रेकॉर्ड पण त्यातच.’

बॅटरीवर बॉलपेननं ‘२०१६’ लिहिलेलं. मशीन तीस सालची म्हातारी, पार्लर पंचवीस सालांपासून बंद, आन् बॅटरी नऊ सालची. चादरीखालच्या मशीनची बॅटरी कोण बदलन? उंदीर?

बोर्डाच्या एका कोपऱ्यात एक बारीक तार जोडलेली आन् तिच्यावर चमकता गुलाबी रंग. मी म्हटलं, कंपनीचा रंग असन. आचल हासाले लागली.

‘नेलपॉलिश हाय दादा ते. आधीची बॅटरी गळली असन, तिनं बोर्ड खाल्ला. कोणीतरी तार टाकून जोडला आन् हवा लागू नये म्हणून वरून पॉलिश मारलं. मी पण मारते.’

‘रेडिओ नीट करणाऱ्या एखाद्या मिस्त्रीनं केलं असन.’

‘गुलाबी?’

‘त्याच्या बायकोचं असन.’

तिकडून नुसता फुलं तोडल्याचा आवाज, खुट्, खुट्.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घट बसले आन् मशीनही बसली जागेवर.

आचलनं सांगतलं होतं, बॅटरीवाली चिप सोडून बाजूची रॅम अलगद काढ, तिचे पाय काळे पडले असतीन, ते शाळेच्या रबरानं घास आन् परत बसव. अठ्ठावीस पाय. एकही वाकला तर गेलं काम. शाळेचा रबर माह्या कामाचा पहिल्यांदाच आला.

चालू केली. गाणं वाजलं! विमानं उडाली! करिश्मा तिकिटं टाकून धावत आली. सेठले फोन केला, ते निम्मी दाढी करून आले.

मंग पडद्यावर रेकॉर्ड आले. दहा ओळी. प्रत्येकाचं नाव तीन अक्षरी, पुढं आकडा. पहिल्या नंबरले ए ए ए. दुसऱ्या नंबरले ए ए ए. तिसऱ्याले, चौथ्याले, पाचव्याले, ए ए ए. सहाव्या नंबरले जी ओ व्ही. गोवर्धन.

सेठच्या दाढीचा साबण वाळून राहिला होता.

‘हे वरचे कंपनीचे हायेत,’ म्हणे. ‘ए ए ए म्हणजे कोणी नसते. पहिला माणूस मीच.’

मले पटलं. पण आचलले सांगतलं तर म्हणे, ‘आकडे सांग.’ मी सांगतले: पहिला आठ लाख सत्तेचाळीस हजार तीनशे पन्नास.

‘कंपनी गोल आकडे टाकते दादा. पन्नास हजार, चाळीस हजार. हे कोणीतरी खेळलं हाय. शेवटी नाव विचारते तवा ए पासून सुरू होते. काही न फिरवता तसंच बटन दाबलं की ए ए ए.’

‘एवढा मोठा खेळला आन् नाव नाही टाकलं? बह्याड असन.’

‘टाकता येत नसन,’ आचल म्हणे.

इतका भारी खेळणारा, आन् त्याले नाव टाकता येत नसन. पोरगी कधी कधी अडाण्यासारखी बोलते.

२६ सप्टेंबर

सेठनं तीन दिवस दुकान सोडून मशीनच खेळली. पाचव्यावाल्याले मागं टाकाचं आहे. रोज दुसऱ्या लेव्हलले मरते. मेले की मशीनले शिव्या, मंग दांड्याले, मंग मले. आज हाताले आयोडेक्स लावून आले.

ललिताबाई डब्बा घेऊन आल्या होत्या. मागं उभ्या राहून पाहून राहिल्या. म्हणे, ‘मधलं बटन वरून दाबू नका, अडकते. खालून नखानं उचला.’

‘तू गप बस वं. तुले काय समजते?’

त्यायनं डब्बा उघडला, वांग्याची भाजी वाढली. सेठ परत मेले. मी नंतर एकटा असताना बटन खालून उचलून पाहिलं तर खरंच चालते. बरोबर आहे, माहेरी घरातच मशीन होती, येता-जाता पाहून माहीत झालं असन.

संध्याकाळी सेठ म्हणे, ‘श्याम, बॅटरी काढ. सगळं पुसून जाईन. मंग मी एकदा खेळतो, एक नंबरच येतो.’

मी म्हटलं, सेठ, बॅटरी काढली तर मशीनच मरन.

‘मंग वरचे पाच तेवढे पुस.’

‘तसं नाही पुसत.’

‘तू इंजिनेर हाय ना?’

हे इंजिनेर मी कधी झालो मले माहीत नाही, पण मी नाही म्हटलं नाही. ऐकाले बरं वाटते. फोनवर कोणाशी बोलतो म्हणून विचारतेत तर मी सांगतो, घरचा फोन.

मीटर लावून बॅटरीचं माप घेतलं, साडेतीन व्होल्ट. आचल म्हणे, ठीक हाय, पण म्हातारी झाली, नवीन आणून ठेव. बाजारात फिरून तसलीच आणली. ड्रॉवरमधी ठेवली.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आज मशिनींची पूजा. सगळ्यायले हार, हळदी-कुकू. पंज्यालाही. तोही आज पहिल्यांदा काहीतरी घेऊन बसला.

जुन्या मशीनजवळ येऊन सेठ म्हणे, फळी खोल. मी म्हटलं काहून. म्हणे, ‘बाहेरून नुसतं लाकूड हाय. जीव आत हाय ना? मंग कुकू जिवाले लावा.’ मी हो-नाही म्हणेपर्यंत त्यायनं पाण्यात कालवलेलं कुकू बोटभर घेतलं आन् बरोबर बॅटरीवर टिळा लावला. ठसठशीत. खाली ओघळ गेला बोर्डावर. वरून नारळाचं पाणी शिंपडलं. ‘आता पाहजो,’ म्हणे, आन् प्रसाद वाटाले गेले.

दुपारी आचलले गंमत म्हणून सांगतलं. ती ओरडलीच.

‘ओलं कुकू? बॅटरीवर? अरे, त्या ओल्यातून करंट वाहून राहिला असन! माप घे आधी!’

घेतलं. त्या दिवशी साडेतीन होतं, आता तीनच्या खाली. दोन घटका गेल्या की अजून खाली.  उद्या दसरा, शंभर माणसायले निमंत्रण, मशीन मेली तर सेठ मलेच जबाबदार धरतीन. त्यायनं टिळा लावला हे कोण म्हणन? त्यायचं देवाचं काम, माह्यं मशीनचं.

ललिताबाई नैवेद्य घेऊन आल्या आन् माह्यं तोंड पाहूनच समजल्या.

‘किती राहिलं?’

मी म्हटलं, दोन पॉइंट सात.

बाई नैवेद्याचं ताट पंज्याच्या मशीनवर ठेवून खाली मेडिकलमधी गेल्या, स्पिरिट आन् टूथब्रश घेऊन आल्या. आचल फोनवर, स्पीकर चालू.

‘आधी सगळं कुकू स्पिरिटनं धू. मंग नवीन बॅटरीच्या दोन तारा जुनीच्या दोन पायांवर जोड. प्लसले प्लस. जुनी काढाची नाही! आधी नवीन लागली पाहिजे, मंगच जुनी सोडाची. मधात एक क्षणही रिकामं नको.’

मी डागाची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची, घेतली. पहिल्याच झटक्यात तारेऐवजी टेबल डागलं.

‘आण इकडं,’ ललिताबाई म्हणे. ‘तू फोन धर.’

मी फोन धरला. त्यायनं बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, डोक्याची पिन काढून तार दाबली, आन् टप्, टप्, दोन डाग. आचल म्हणे, ‘दादा, आज हात लय साफ चालून राहिला तुया.’ मी खाकरलो. बाईनं एकदा माह्याकडं पाहिलं, मंग जुनी बॅटरी सोडवली. माप घेतलं: तीन पॉइंट सहा. चालू केली, गाणं वाजलं.

झालं. वाचवली आम्ही. मी फोन नीट धरला नसता तर काहीच झालं नसतं.

नवीन बॅटरीवर बाईनं बॉलपेननं साल लिहिलं. लय धीट बाई. कुठी शिकली कोणास ठाऊक.

२ ऑक्टोबर, दसरा

हे नीट लिहून ठेवतो, नाही तर पुढं मलेच खरं वाटाचं नाही.

वरच्या पाच ओळींचं काय कराचं, ते सेठनं सकाळी शोधून काढलं. झेंडूचं जाड तोरण आणलं आन् म्हणे, ‘हे पडद्यावर असं सोड, की सहावी ओळ पहिली दिसली पाहिजे.’ मी सोडलं. मस्त दिसे. वर झेंडू, आन् झेंडूच्या खालून पहिलंच नाव जी ओ व्ही. नावाच्या डावीकडचा सहा नंबर फुलात गेला.

पाहुणे आले. माजी नगरसेवक आले. तोरणाखाली पाहून म्हणे, ‘वा गोवर्धनभाऊ! एक नंबर!’ टाळ्या. मंग त्यायनं घाण केली. म्हणे, ‘आता खेळून दाखवा.’

‘आज हात दुखून राहिला, साहेब.’

‘चॅम्पियनचा हात दुखते? मंग वहिनीले खेळू द्या!’

सगळे हासले. मीही हासलो.

ललिताबाई सोनं वाटून राहिल्या होत्या. आपट्याच्या पानांची थाळी त्यायनं माह्या हाती देली, पदर खोचला, पुढं आल्या. ‘यानं काही दिसत नाही बाप्पा,’ म्हणे, आन् पडद्यावरचं तोरण काढून सेठच्या गळ्यात घातलं. लोकायनं परत टाळ्या वाजवल्या. त्यायले वाटलं, कार्यक्रमच तसा आहे.

मंग बाई खेळल्या. मधलं बटन नखानं खालून उचलत. एका जागी विमान अडकते, तिथं अडकायच्या आधीच डाव्या हातानं मशीनच्या अंगावर एक थाप. नगरसेवकाचा चहा थंडा झाला. पोट्टे गाड्या सोडून आले. दुसरी लेव्हल गेली, चौथी गेली, मी मोजणं सोडलं. सेठ गळ्यात तोरण घेऊन उभे, सत्काराले आलेल्या माणसासारखे, पण सत्कार दुसरीकडं सुरू.

शेवटी विमान फुटलं. चौथा नंबर. पडद्यावर नाव विचारलं, ए लुकलुकाले लागला. कोपऱ्यात वेळ संपत आल्याचे उलटे आकडे पडून राहिले.

बाईचा हात थांबला. एवढा वेळ तो हात थांबला नव्हता.

‘श्याम,’ म्हणे हळूच, ‘हे पुढचं अक्षर कसं आणतेत रे? मी कधी आणलंच नाही.’

करिश्मानं ‘अगं माय’ म्हणून तोंडावर हात ठेवला. तिले माह्या आधी समजलं. मी वरच्या ओळी पाहिल्या, मंग बाईकडं पाहिलं, मंग बोर्डावरची गुलाबी तार डोक्यात आली.

‘दांडा उजवीकडं फिरवा,’ मी म्हटलं. 

त्यायनं फिरवला. तिन्ही अक्षरं स्वतःच्या नावाची लावली आन् बटन दाबलं. खालचे सगळे एकेक पायरी उतरले. सेठ सहावे होते, सातवे झाले.

सेठ माणूस पक्का. लगेच हात वर करून म्हणे, ‘माह्याच हाताखाली शिकली!’ टाळ्या. मले इतकं हासू आलं की थाळीतलं सोनं सांडलं.

मंग सेठनं माइक घेतला. ‘आन् ही मशीन आमच्या श्यामनं जिवंत केली. एकट्यानं!’ पाकीट देलं, फोटो काढला. मी मान लववली.

ललिताबाई माह्या हातात आपट्याचं पान देत म्हणे, ‘एकट्यानं?’

‘हो,’ मी म्हटलं. निघूनच गेलं तोंडातून.

‘बरं,’ म्हणे. ‘तुलेही तोरण पाहिजे का? दारावरचं एक हाय.’

४ ऑक्टोबर

दोन दिवस झाले, बाईचा राग जात नाही. दसऱ्याच्या दिवशी कोणाले असं बोलतेत का? मी काय सेठ आहे? मी काही बॅनर छापला नाही. आचलले सगळं माहीतच आहे, आन् तिनं कधी म्हटलं नाही की माह्यं नाव सांग.

कधी म्हटलं नाही, हेही खरं.

बाहेर जाऊन नवीन मोबाइल पाहून आलो. सात हजारात येते, जुना देऊन. घेतला नाही. दुकानात एक पोरगी भिंग लावून बोर्ड पाहून राहिली होती.

संध्याकाळी बाबाचा फोन.

‘काय, लागली का खेळणी?’

‘लागली. सात हजार बक्षीस भेटलं.’

 मंग बाबाचा असा आवाज, जो मी नववीनंतर ऐकला नव्हता: ‘तू नीट केली? एवढी मोठी मशीन? ए, ऐकलं का वं, श्यामनं…’

मले अजून थोडं ऐकाचं होतं, खरं सांगतो. पण तिकडून आईच्या मागं आचलचा आवाज आला, ती म्हणे, ‘हो का? वा!’ जशी काही तिले आत्ताच समजलं.

‘आचलनं केली,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘मशीन आचलनं केली. फोनवरून. डाग सेठानीनं देले.’

‘आन् तू काय केलं?’

‘फोन धरला.’

बाबा म्हणे, ‘तेवढा तरी नीट धरला का?’

‘हो.’

मी म्हटलं, परतवाड्याच्या टेबलाचं भाडं आता या बक्षिसातून जाईन, घरातून द्याचं नाही, तर माणसं पाहतीन का नाही हे टेबलवालीनं पाहावं. बाबा म्हणे, ‘पाहू.’ बाबाचं ‘पाहू’ म्हणजे अर्धं ‘नाही’ असते, पण अर्धंच.

दर महिन्याले बाबाच्या खात्यात टाकतो ते वेगळे. हे बक्षिसाचे आचलच्या खात्यात टाकले, तिच्या पूर्ण नावानं. शंभर मी ठेवले, फोन धरल्याची मजुरी.

पाठवले: सहा हजार नऊशे रुपये.